‘आज छान केलं’ म्हणजे नेमकं किती?

थेरपी केंद्राच्या दाराशी मुलाला न्यायला आलेली आई विचारते, ‘‘ताई, आज कसं केलं?’’ ताई म्हणतात, ‘‘आज छान केलं हं!’’ किंवा, ‘‘आज जरा मूड नव्हता.’’ दोघींनाही तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण हाती काहीच लागलेलं नसतं. छान केलं म्हणजे किती वेळा विचारल्यावर किती वेळा जमलं? स्वतःहून जमलं की हात धरून करून घेतलं? महिन्यापूर्वी किती जमत होतं? याची उत्तरं आठवणीतून मिळत नाहीत, त्यासाठी कागद लागतो. हे प्रकरण त्या कागदाबद्दल आहे.

आपण इथे ज्या शिकवण्याबद्दल बोलतोय त्याला ‘उपयोजित वर्तन विश्लेषण’ म्हणतात. थेरपिस्ट आणि पालकांच्या बोलण्यात ते नुसतं ‘एबीए’ असतं. स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना एकेकटं बसवून शिकवण्यासाठी ही पद्धत जगभर वापरतात. टेबलाच्या एका बाजूला मूल, समोर शिक्षिका. ती सूचना देते, ‘‘टाळी वाजव.’’ मूल टाळी वाजवतं, गप्प बसतं किंवा भलतंच काही करतं. त्यावर लगेच काहीतरी घडतं: शाबासकी, गुदगुल्या, आवडत्या गाडीशी थोडा खेळ, नाहीतर हात धरून वाजवून घेतलेली टाळी. मग क्षणभर थांबून पुढची सूचना. सूचना, प्रतिसाद आणि परिणाम अशी एक फेरी झाली की एक ‘ट्रायल’ झाली. अर्ध्या तासात अशा कित्येक ट्रायल होतात आणि त्या चार-पाच वेगवेगळ्या कौशल्यांच्या असतात. सामना संपल्यावर प्रेक्षकाला दोन षटकार आणि एक सुटलेला झेल आठवतो. प्रत्येक चेंडूचं काय झालं ते फक्त स्कोअररच्या वहीत असतं. इथे शिक्षिकेला गोलंदाजीही करायची असते आणि वहीही भरायची असते.

ही दुहेरी कसरत कशासाठी? मुलाची प्रगती पालकांना दाखवायला, असं उत्तर सहसा मिळतं. पण चांगल्या नोंदीची खरी कसोटी वेगळी आहे. शिक्षिकेचा अंदाज चुकला असेल, तर ती नोंद तसं स्पष्ट दाखवू शकते का? जी नोंद शिक्षिकेला कधीच खोटं पाडू शकत नाही, ती भरण्यात गेलेला वेळ मुलाच्या वाट्याचा होता, तो वाया गेला.

पेनाची रेघ

ही शिस्त प्रयोगशाळेतून आली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचं ‘द बिहेवियर ऑफ ऑर्गॅनिझम्स’ हे पुस्तक १९३८ साली आलं. त्यांच्या प्रयोगातले उंदीर पेटीतला दांडा दाबत आणि जोडलेलं यंत्र त्याची नोंद आपोआप करी. कागदाची गुंडाळी संथ, एकसारख्या वेगाने पुढे सरके. दांडा दाबला गेला की पेन एक पायरी वर चढे. उंदीर भराभर दाबू लागला की रेघ उभी चढायची, त्याने थांबवलं की आडवी पडायची. प्रयोग चालू असतानाच रेघेकडे पाहून संशोधकाला पुढची चाल ठरवता येई. प्राण्याच्या मनात काय चाललंय याचा तर्क करत बसण्यापेक्षा तो प्रत्यक्ष काय करतो ते मोजावं, हा स्किनर यांचा आग्रह होता.

उंदरांकडून मुलांकडे हा आग्रह कसा आला, त्याचं एक गाजलेलं उदाहरण १९६४ मध्ये प्रसिद्ध झालं. माँट्रोझ वुल्फ, टॉड रिस्ली आणि हेडन मीस यांच्या शोधनिबंधात डिकी नावाचा साडेतीन वर्षांचा स्वमग्न मुलगा आहे. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतली भिंगं काढावी लागली होती. चष्मा लावला नाही तर दृष्टी जाणार, आणि डिकी चष्म्याला हात लावू देत नव्हता. संशोधकांनी सुरुवातीला काचा नसलेल्या नुसत्या फ्रेम त्याच्याभोवती ठेवल्या. फ्रेम उचलली, हातात धरली, जवळ नेली की खाऊचा घास. अशा बारीक पायऱ्यांनी तो अखेर दिवसाला सुमारे बारा तास चष्मा लावू लागला. आता इथे मोजायचं काय? ‘चष्मा किती वेळा लावला’ हा आकडा निरुपयोगी होता, कारण लावून लगेच फेकला तरी ती ‘एक वेळ’ झालीच. चष्मा किती वेळ डोळ्यांवर राहिला हेच मोजायला हवं होतं. काय मोजायचं हे काय हवंय त्यावर ठरतं, हा धडा तेव्हापासून या क्षेत्रात पक्का आहे.

पुढे १९६८ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस’ हे नियतकालिक सुरू झालं. त्याच्या पहिल्याच वर्षी डोनाल्ड बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी या नव्या शास्त्राची लक्षणं मांडणारा लेख लिहिला. वर्तनाची अचूक मोजणी हे त्यातलं एक लक्षण होतं. मोजणी नसेल तर ते एबीए नव्हे, ही भूमिका तिथून रूढ झाली.

एक पान, जवळून

आता एक कागद समोर घेऊ. मुलगी काल्पनिक आहे, नाव ठेवू ओवी, वय पाच. ध्येय असं की, समोर वाटी आणि चमचा ठेवल्यावर मागितलेली वस्तू तिने द्यावी. शिक्षिकेने दहा ट्रायल घेतल्या. बरोबरला अधिक, चुकीला उणे.

१. वाटी मागितली, वाटी उजवीकडे: +
२. चमचा मागितला, चमचा डावीकडे: −
३. चमचा मागितला, चमचा उजवीकडे: +
४. वाटी मागितली, वाटी डावीकडे: −
५. वाटी मागितली, वाटी डावीकडे: −
६. चमचा मागितला, चमचा उजवीकडे: +
७. चमचा मागितला, चमचा डावीकडे: −
८. वाटी मागितली, वाटी उजवीकडे: +
९. वाटी मागितली, वाटी उजवीकडे: +
१०. चमचा मागितला, चमचा डावीकडे: −

दहापैकी पाच बरोबर. महिन्याच्या अहवालात ‘५० टक्के’ असं लिहिलं, तर आईला वाटेल की निम्मं आलं, उरलेलं निम्मं येईल. आता ओळी पुन्हा वाचा. वस्तू उजवीकडे होती तेव्हा दर वेळी अधिक, डावीकडे होती तेव्हा दर वेळी उणे. ओवी प्रत्येक वेळी उजवीकडची वस्तू उचलून देते आहे. ‘वाटी’ आणि ‘चमचा’ या शब्दांशी तिचा अजून काही संबंध आलेला नाही. निम्म्या वेळा तिला शाबासकी मिळते, आणि उजवीकडचं उचलण्याची सवय त्या शाबासकीनेच घट्ट होते आहे.

वस्तू कुठल्या बाजूला होती याचा रकाना कागदावर नसता, तर हे कधीच दिसलं नसतं. दोनच वस्तू असतील तर नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येतात, हेही टक्केवारी सांगत नाही. म्हणून अनुभवी शिक्षिका शक्यतो तीन वस्तू मांडते. मग अंदाजाचा वाटा एक तृतीयांशावर येतो. कोणती वस्तू कुठे ठेवायची आणि कोणती मागायची याचा क्रम आधीच उलटसुलट करून ती कागदावर छापून घेते. ऐनवेळी मनाने क्रम ठरवला की माणसाच्या हातून नकळत एक लय तयार होते, आणि मुलं ती लय चटकन पकडतात. उणे आलं तर नुसतं उणे न लिहिता मुलाने काय दिलं तेही ती लिहिते. चुकांना त्यांचं स्वतःचं व्याकरण असतं, आणि दुसऱ्या दिवशी काय बदलायचं ते बहुतेक वेळा चुकांच्या रकान्यातूनच कळतं.

मदतही मोजायची असते

अधिक आणि उणे या दोन खुणांमध्ये एक मोठा प्रदेश सुटतो, तो म्हणजे मदतीने जमलेलं काम. वर्गात याला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. पूर्ण हात धरून करून घेणं, कोपराला नुसता स्पर्श करणं, करून दाखवणं, बोटाने खूण करणं, तोंडी आठवण देणं अशा मदतीच्या पायऱ्या असतात. कागदावर प्रत्येक पायरीचं अक्षर ठरलेलं असतं आणि त्या ट्रायलला कुठली मदत लागली ते अक्षर शिक्षिका लिहिते.

भारतात या पायऱ्यांना आकडे देणारी एक मोजपट्टी १९९२ मध्ये सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली. रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी तयार केलेली ही ‘बेसिक-एमआर’ विशेष शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना चांगलीच परिचयाची आहे. तिच्या पहिल्या भागात सात क्षेत्रांतली प्रत्येकी ४० अशी एकूण २८० कौशल्यं आहेत. मूल स्वतःहून करतं तर ५, इशाऱ्यावर करतं तर ४, तोंडी सूचनेने ३, हाताची मदत लागली तर २, पूर्ण परावलंबी असेल तर १, आणि ते कौशल्य लागूच नसेल तर ०. त्याआधीची चेन्नईच्या जयचंद्रन आणि विमला यांची ‘मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टिम’ १८ क्षेत्रांतल्या प्रत्येकी २० अशा ३६० कौशल्यांची होती. तिच्यात उत्तराचे दोनच प्रकार होते: करतं किंवा करत नाही. कुठून सुरुवात करायची ते ठरवायला ‘हो-नाही’ पुरतं. रोजच्या सेशनमधली हालचाल टिपायला मात्र पायऱ्याच लागतात.

हात धुण्याचं उदाहरण घ्या. नळ सोडणं, हात ओले करणं, साबण घेणं, तळवे चोळणं, हाताची मागची बाजू चोळणं, साबण धुऊन टाकणं, नळ बंद करणं, टॉवेलला हात पुसणं अशा आठ पायऱ्या पाडल्या. प्रत्येकीला १ ते ५ गुण. पहिल्या आठवड्यात एखाद्या मुलाला २, २, १, २, १, २, १, ३ असे ४० पैकी १४ गुण मिळाले. सहाव्या आठवड्यात ५, ४, ३, ४, ३, ४, ३, ५ असे ३१. ‘हात स्वतः धुतो का?’ या प्रश्नाचं उत्तर दोन्ही वेळा ‘नाही’च आहे. पायऱ्यांच्या नोंदीत मात्र दिसतं की नळ सोडणं आणि टॉवेल आता त्याचे झाले आहेत, आणि साबण घेणं, हाताची मागची बाजू आणि नळ बंद करणं एवढ्याच तीन ठिकाणी तोंडी सांगावं लागतं. उद्या कुठे बसायचं ते ठरलं.

हीच नोंद एक दुखणंही उघड करते. महिनाभर एखाद्या पायरीवर ‘३’च येत असेल, तर मूल सूचनेची वाट पाहायला शिकलं आहे. साबणासमोर उभं राहून ते ताईच्या तोंडाकडे बघतं. आता बोलणं कमी करून नुसत्या बोटाच्या खुणेवर यायचं आणि नंतर खूणही काढून घ्यायची. बदलायचं आहे ते शिक्षिकेचं वागणं.

वेळा, वेळ, वेग

प्रत्येक कौशल्य ट्रायलच्या चौकटीत बसत नाही. मूल दिवसभरात स्वतःहून किती वेळा काही मागतं, हे मोजायला वेळांची संख्या हवी. त्यासाठी नामजपासाठी बोटात अडकवतात तसला छोटा काउंटर उत्तम. हात मोकळे राहतात. जमिनीवर लोळून रडणं किती वेळ चाललं, यासाठी घड्याळ हवं. ‘तुझं नाव काय?’ विचारल्यापासून उत्तर यायला किती सेकंद लागले, ही तिसरी मोजणी. बारा सेकंदांनी आलेलं बरोबर उत्तर कागदावर अधिकच असतं, पण मैदानावर तोपर्यंत विचारणारं मूल निघून गेलेलं असतं.

वेगाचा प्रश्न सगळ्यांत गंभीरपणे घेतला तो ऑग्डन लिंड्सली यांनी. ते स्किनर यांचे विद्यार्थी. १९६० च्या दशकात कॅन्सस विद्यापीठात आल्यावर त्यांनी ‘प्रिसिजन टीचिंग’ची पायाभरणी केली. त्यांचा टक्केवारीवरचा आक्षेप साधा होता: १०० च्या वर ती जाऊच शकत नाही. दोन मुलं वीस शब्दकार्डं वाचतात, दोघांचीही वीस बरोबर. एकाला एक मिनिट लागतं, दुसऱ्याला चार. टक्केवारीत दोघं सारखेच. वेगात पहिल्याचे मिनिटाला २० आणि दुसऱ्याचे ५. वाचलेल्याचा अर्थ लागायला हा फरक महत्त्वाचा आहे.

लिंड्सली यांनी सगळ्यांसाठी एकच प्रमाणित तक्ता आखला. आडव्या अक्षावर १४० दिवस, म्हणजे २० आठवडे, सुट्टीचे वारही धरून. त्यामुळे गैरहजेरी लपत नाही. उभ्या अक्षावर मिनिटाला ०.००१ पासून १,००० पर्यंतचा वेग. खालचा आकडा म्हणजे १,००० मिनिटांत, साधारण जागेपणीच्या पूर्ण दिवसात, एकदा घडलेली गोष्ट. उभा अक्ष पटींच्या हिशेबाने आखलेला असल्याने २ वरून ४ वर जाणारं मूल आणि २० वरून ४० वर जाणारं मूल एकाच चढाची रेघ काढतं. मागे असलेल्या मुलाची दुप्पट प्रगती त्या तक्त्यावर पुढच्या मुलाच्या दुप्पट प्रगतीएवढीच ठसठशीत दिसते. मुलांनी आपला तक्ता आपणच भरावा, असा त्यांचा आग्रह होता.

सतत नजर ठेवणं शक्य नसतं तेव्हा वेळेचे तुकडे पाडून नोंद करतात. इथे फसगत सहज होते. समजा, एक मिनिटाचे दहा-दहा सेकंदांचे सहा तुकडे पाडले आणि मूल प्रत्येक तुकड्यात दोन सेकंद ओरडलं. एकूण ओरडणं ६० पैकी १२ सेकंद, म्हणजे २० टक्के. ‘तुकड्यात केव्हाही ओरडलं तर खूण’ असा नियम असेल तर सहाही तुकड्यांत खूण येईल: १०० टक्के. ‘पूर्ण तुकडाभर ओरडलं तरच खूण’ असा नियम असेल तर शून्य. मूल तेच, मिनिट तेच, नोंदी दोन टोकांच्या. म्हणून अहवालातल्या टक्क्यांवर विश्वास ठेवण्याआधी ते कसे काढले ते विचारावं. पहिला नियम वर्तन फुगवून दाखवतो, दुसरा आकसून. जे कमी व्हायला हवं त्यासाठी पहिला आणि जे वाढायला हवं त्यासाठी दुसरा वापरला, तर चूक निदान आपल्याला खूश करणाऱ्या दिशेने होत नाही.

सगळं लिहायचं की पहिलंच?

प्रत्येक ट्रायल लिहिली तर शिकवण्याची लय तुटते, ही शिक्षिकांची तक्रार खरी आहे. मूल हसत असतं, शाबासकी अर्ध्या सेकंदात द्यायची असते, आणि ताई पेन शोधत असते. यावर एक तोडगा निघाला: त्या दिवशी त्या कौशल्याची पहिली ट्रायल कुठलीही मदत न देता घ्यायची, तेवढीच लिहायची आणि नंतर मोकळेपणाने शिकवायचं. याला ‘कोल्ड प्रोब’ म्हणतात. कालचं आज किती उरलं ते त्यात दिसतं. ट्रायलमागून ट्रायल घेताना गरम झालेलं यश त्यात मिसळत नाही.

पण एका ट्रायलवर दिवस तोलण्यात धोका आहेच. कमिंग्ज आणि कार यांनी २००९ मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना केली. निवडक ट्रायल लिहिल्या की ‘कौशल्य आलं’ असं लवकर जाहीर होतं, आणि सगळ्या ट्रायल लिहून शिकवलेली कौशल्यं नंतर काहीशी जास्त टिकतात, असा त्यांच्या निष्कर्षांचा कल होता. यावर पुढेही अभ्यास झाले आणि सगळ्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. व्यवहारात मधला मार्ग चालतो. नवं कौशल्य सुरू करताना किंवा गाडी अडली असताना प्रत्येक ट्रायल लिहावी. रुळावर आल्यावर पहिली ट्रायल पुरे. एक गोष्ट मात्र कधीच चालत नाही, ती म्हणजे संध्याकाळी सगळ्या मुलांचे कागद एकत्र बसून आठवून भरणं. तो कागद कोरा राहिलेला परवडतो.

दुसरी जोडी डोळ्यांची

एकच माणूस शिकवतो, मदत करतो आणि गुणही देतो. मनात खोट नसली तरी पारडं झुकतंच. आठवडे उलटतात तसा ‘बरोबर’चा अर्थ सैल होत जातो, सुरुवातीला ‘पाणी’ म्हटल्यावर मिळणारा अधिक पुढे ‘पा’लाही मिळू लागतो. म्हणून व्याख्या आधी लिहून ठेवतात: सूचनेनंतर पाच सेकंदांत, दोन्ही अक्षरं ऐकू येतील असं. आणि अधूनमधून दुसरी व्यक्ती शेजारी बसून, किंवा सेशनचा व्हिडिओ पाहून, स्वतंत्र नोंद करते. दोघींच्या नोंदी किती ट्रायलमध्ये जुळल्या ते मोजतात. दहापैकी आठ जुळल्या तर ८० टक्के. निदान एवढी जुळणी असावी असा संकेत आहे.

हा आकडाही डोळे झाकून घेण्यासारखा नाही. समजा, २० तुकड्यांत चावण्याची नोंद करायची आहे. पहिलीने पाचव्या तुकड्यात एकदा खूण केली, दुसरीने बाराव्यात. उरलेल्या १८ तुकड्यांत दोघींनी ‘नाही’ लिहिलं. जुळणी १८ भागिले २०, म्हणजे ९० टक्के! प्रत्यक्षात चावणं केव्हा घडलं याबद्दल त्यांचं एकदाही एकमत झालेलं नाही. क्वचित घडणाऱ्या वर्तनासाठी फक्त घडल्याच्या नोंदी जुळवून पाहाव्यात.

दुसऱ्या जोडीचा आणखी एक फायदा. ‘वाटी दे’ म्हणताना ताईची नजर वाटीकडे जाते हे ताईला कळत नाही. मूल ती नजर वाचून वाटी देतं आणि कागदावर ‘स्वतःहून’ असा अधिक पडतो. शेजारी बसलेल्या बाईंना मात्र ते लगेच दिसतं.

आलेख बोलतो तेव्हा

कागदाच्या चळतीतून निर्णय निघत नाही, तो आलेखातून निघतो. शिकवायला लागण्यापूर्वीचे काही दिवस नुसते मोजायचे, ती बेसलाइन. मग एक उभी रेघ मारून पुढे शिकवणं सुरू. मधे काही बदललं, बक्षीस बदललं, मदत कमी केली, नवी शिक्षिका आली, की पुन्हा उभी रेघ. रेघेच्या अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू एकमेकांना जोडत नाहीत, म्हणजे कुठल्या बदलाने काय झालं ते डोळ्यांना कळतं. वाचताना तीन गोष्टी पाहतात: बिंदू किती उंचीवर आहेत, कुठे चालले आहेत आणि किती उड्या मारताहेत. तळाशी सपाट पडलेली रेघ सांगते की पायरी फार उंच आहे, ती फोडा. एक दिवस ८०, एक दिवस २० अशी करवत दिसली तर कौशल्य बहुधा येतं. अडचण झोप, भूक, कंटाळवाणं झालेलं बक्षीस, दुपारची वेळ यांच्यात शोधा. चढती रेघ असेल तर हात लावू नका. किती सेशन रेघ सपाट राहिली की बदल करायचा, ते आधीच ठरवून लिहून ठेवलं की आशेला तारखा पुढे ढकलत नेता येत नाही.

‘आलं’ कधी म्हणायचं याचेही नियम असतात. सलग दोन-तीन सेशनमध्ये ८० टक्के हा नियम सर्रास दिसतो. फुलर आणि फिनप यांनी २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात ५०, ८० आणि ९० टक्क्यांच्या अटी ताडून पाहिल्या. ९० टक्क्यांपर्यंत शिकवलेलं सर्वांत चांगलं टिकलं. रस्ता ओलांडण्यापूर्वी थांबण्यासारख्या कौशल्याला तर ९० टक्केही पुरे नाहीत. शिवाय ताईंच्या टेबलावर जमलेलं घरी आईसमोर, दुसऱ्या वाटीने, महिन्यानंतर जमतं का, याचा रकाना नसेल तर मुलाला केंद्रातली वाटी आली एवढंच म्हणता येतं.

रकाना कुणी आखला?

मोजणी कितीही काटेकोर असली तरी काय मोजावं हे तिच्यातून ठरत नाही, आणि या क्षेत्राचा इतिहास इथे अस्वस्थ करणारा आहे. लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या ओले इव्हार लोव्हास यांचा १९८७ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. १९ लहान स्वमग्न मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास, दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शिकवलं गेलं. त्यातली ९, म्हणजे ४७ टक्के मुलं सर्वसाधारण शाळेत आणि सर्वसाधारण बुद्ध्यंकापर्यंत पोचली असं त्यांनी मांडलं. या आकड्याने जगभरच्या पालकांना आशा दिली. गटांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, हा शास्त्रीय आक्षेप त्यावर घेतला गेला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. त्या काळी चुकीच्या वागण्यावर जोरात ‘नाही’ म्हणणं आणि मांडीवर चापट मारणं हाही पद्धतीचा भाग होता. कागदावर वर्तन कमी झाल्याचा आकडा येई. त्यासाठी मुलाने काय सोसलं याचा रकाना नव्हता.

पुढे मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांनी स्वतः बोलायला सुरुवात केली. डोळ्यांत बघणं, हात न हलवता बसणं हे वर्षानुवर्षं आमचं यश म्हणून मोजलं गेलं, त्याचा आम्हाला काय उपयोग झाला, असा त्यांचा सवाल आहे. त्याला उत्तर देणं या क्षेत्राला अजूनही सोपं जात नाही. काही शिक्षिकांनी त्यातून एक चांगली सवय उचलली आहे. मूल टेबलाशी स्वतःहून आलं का, किती वेळा उठून गेलं, किती वेळा वस्तू दूर ढकलली, ‘नको’ किंवा ‘थांब’ हे खुणेने तरी सांगितलं का, याची त्या नोंद ठेवतात. ‘थांब’ सांगता येणं हे त्यांच्या कागदावर शिकवायचं कौशल्य असतं, आणि ते ऐकलं गेलं का याचाही रकाना असतो.

आपल्याकडे पुष्कळ घरांत शिक्षिका आईच असते. केंद्र दूर असतं, फी परवडत नाही, आठवड्याला दोनच सेशन मिळतात. अशा घरात दहा कौशल्यांचे दहा तक्ते टिकत नाहीत. दोन कौशल्यं घ्या. दोन्हींची व्याख्या एकेका वाक्यात लिहा. रोज पहिला प्रयत्न मदतीशिवाय घ्या आणि कॅलेंडरच्या चौकोनात अधिक, उणे किंवा मदतीचं अक्षर लिहा. रविवारी त्यावर पाच मिनिटं घालवा. आणि मूल केंद्रात जात असेल तर पुढच्या वेळी ‘‘आज कसं केलं?’’ विचारण्याऐवजी आलेख मागा आणि एकच प्रश्न विचारा: ‘‘हे बघून तुम्ही शिकवण्यात काय बदललंत?’’ ताईंकडे त्याचं उत्तर असेल, तर त्या केंद्रातले कागद मुलासाठी भरले जातात. नसेल, तर ते फाइलसाठी भरले जात आहेत.